सागफळीची मोरपंखी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

समोरच्या दुकानावर आज दिव्यांची पाटी लागली. ‘रिबेका साडी सेंटर’. अक्षरं लाल होतात, मग हिरवी, मग निळी, मग परत लाल. दिवसाढवळ्या चालू ठेवली आहे. वीज काय फुकट येते का तिच्याकडे.

ही वही आजपासून लिहायला घेतली, कारण कोणाशी बोलायची सोय राहिलेली नाही. योगेंद्रांसमोर रिबेकाचं नाव काढलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. विसरवाडीत मला मैत्रिणी नाहीत, गिऱ्हाइकं होती. तीही आता रस्त्याच्या त्या बाजूला.

काल जेवताना योगेंद्र म्हणाले, “चारू, ह्या सीझनले दुकान नही चालनं ते गाळा मोबाईलवालाले दी टाकूत. तो रोज इचारी ऱ्हायना.” अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली आहे मला. नवऱ्याने बायकोला मुदत द्यायची, हे आमच्याच घरात.

हे दुकान सासऱ्यांनी, पितांबर पाटलांनी थाटलं. ते गेल्यावर सतरा वर्षं मी चालवते आहे. योगेंद्रांचा जीव कोरीटच्या शेतात, मिरचीत. या बाजारात मला ‘शेठाणी’ म्हणतात ते मी गादीवर बसते म्हणून. गादी गेली की मी कोरीटच्या घरातली गजराबाईंची सून, पापड लाटणारी.

आणि हे कोणामुळे? जिला साडीची घडी घालायला मी शिकवलं तिच्यामुळे. तीन वर्षं माझ्याकडे कामाला होती. डोंगराकडच्या एका फळीवरून यायची, तीस-चाळीस घरांची वस्ती असेल. घर ख्रिस्ती, पोरगी हुशार, बोलणं गोड. मग साड्यांच्या ब्लाउजपीसचे कोपरे कापून नेताना सापडली. बोटाएवढे तुकडे होते, पण चोरी ती चोरी. मी समज दिली, ती गेली. दोन वर्षांत समोर दुकान उघडलं. एवढंच झालं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाजाराचा दिवस. सकाळपासून तिच्या दारात शिरलेल्या बायका मोजल्या, दुपारी मोजायचं सोडून दिलं. माझ्याकडे तिघी आल्या. त्यातली एक पाचशेचे सुटे मागायला.

तिच्यात असं काय आहे ते मला कोणी सांगावं. माझ्याकडे पांढरी स्वच्छ गादी आहे, दर सोमवारी खोळ बदलते. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग वर यायचं, दुकानाची एक रीत असते. डोंगराकडच्या बायका बिचाऱ्या संकोचाने पायरीवरच बसायच्या आणि तिथून बोटाने दाखवायच्या. पायरीवर बसायला मी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. उन्हाळ्यात पाणी द्यायची. त्यांच्यासाठी स्टीलचा वेगळा पेला ठेवला होता, एवढी काळजी कोण घेतं?

तिकडे सरळ चपला घालून आत. धुळीचा नुसता चिखल होत असेल. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतभर आरसा. बायका अंगावरच्या कपड्यावरच साडी गुंडाळतात, आरशासमोर वळून बघतात, एकमेकींचे फोटो काढतात. काहीही न घेता अर्धा-अर्धा तास. मी असते तर हाकलल्या असत्या. नंतर घेतातही, ते वेगळं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मी गेले होते. फॉल लावायचा पोपटी दोरा संपला असं निमित्त केलं. खरं तर दोऱ्याची दोन रिळं माझ्याच ड्रॉवरमध्ये पडली आहेत.

“या ना भाभी, बसा,” म्हणत तिने खुर्ची पुढे केली. मी उभीच राहिले. तिच्या दुकानात बसायचं म्हणजे काय? तिने चहा मागवला, तोही मी अर्धाच घेतला. चहा चांगला होता, आल्याचा.

तेवढ्यात पाच-सहा जणींचा घोळका आला आणि मला हवं ते दिसलं. काउंटरवर एक जाडजूड वही आहे, मधून फुगलेली, तिला रबर लावलेलं. बायका बसल्याबरोबर तिने आधी ती वही उघडली. कपाटातली एक साडी काढायच्या आधी वही! पानं उलटत होती, नकारार्थी मान हलवत होती, मध्येच एका पानावर बोट ठेवून हसत होती. बायका पुढे वाकून बघत होत्या. बोलणं त्यांच्या बोलीत. सतरा वर्षं इथे आहे, पण ती बोली मला येत नाही, कधी गरजच पडली नाही.

पण वही कसली ते कळायला बोली कशाला यावी लागते? उधारीची वही ती. एकदा उधारीत अडकवलं की बाई कुठे जाते दुसऱ्या दुकानात. म्हणून ही गर्दी. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दोऱ्याचे पैसे घेईना, मी ठेवूनच आले. तिच्या दोऱ्यावर माझं काही अडलेलं नाही.

घरी आल्यावर जरा बरं वाटलं. तिचं गुपित कळलं एकदाचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुरतेचा एजंट भूपेश आज आला. आधी तिच्याकडे गेला, मग माझ्याकडे. पंधरा वर्षं हा माणूस बसमधून उतरला की पहिला माझ्या दारात यायचा. चपला काढता काढता म्हणाला, “भाभी, चहा नको, तिकडे झाला.” तेच मला लागलं.

तिने काय माल घेतला ते मी विचारलं नाही, तोच बोलला. चौदा रंग, प्रत्येक रंगाच्या साठ-सत्तर साड्या, बस्स. मला हसूच आलं. धंद्याची अक्कल नाही पोरीला. एकाच रंगाचं मोठं पार्सल उचललं तर भाव खाली येतो, हे तिला माझ्याकडे राहून कळायला हवं होतं. चिल्लर माल घेऊन कधी कोणी पुढे गेलं आहे का?

भूपेश म्हणाला, “भाभी, ती असा माल का उचलते, सांगू तुम्हाला?”

मी म्हटलं, “दुसऱ्याच्या दुकानाच्या गप्पा माझ्या दुकानात नकोत.”

बरोबरच केलं मी. लोकांच्या भानगडीत लक्ष घालायची मला सवय नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मला सापडलं. ते कुठे सापडलं ते आधी लिहिते. दुपारी दुकानात माशी नव्हती म्हणून मोबाइल बघत बसले होते, तर डोंगरातल्या सागफळी या वस्तीवरच्या लग्नाचा व्हिडिओ समोर आला. ड्रोनने वरून काढलेला. बँडची गाडी, आणि गाडीपुढे एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचणाऱ्या साठ-सत्तर बायका, सगळ्या मोरपंखी साडीत. वरून बघताना एखादं पांघरूण हललं तशी ती रांग वळत होती. पहिल्या रांगेत रमीबाई.

रमीबाई माझी. म्हणजे माझं गिऱ्हाईक. पंधरा वर्षं सागफळीचं प्रत्येक लग्न तिने माझ्या पायरीवर बसून ठरवलं. ती एक साडी उचलते आणि सगळी फळी ती घेते, एवढा तिचा शब्द. दोन वर्षांपूर्वी एकाएकी यायची बंद झाली. आणि आता तिच्या अंगावर रिबेकाची मोरपंखी. साडी तिला शोभतही होती. मी मोबाइल पालथा ठेवला, मग परत उचलून सुरुवातीपासून पाहिला.

व्हिडिओ दोन लाख लोकांनी बघितलाय. दोन लाख. खाली सगळे तेच विचारतात, साडी कुठली, रंग कोणता.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या कोरीटला सरपंचाच्या सुनेने पोपटी पैठणी नेसली होती, तर महिन्याभरात गावात दहा पोपटी पैठण्या झाल्या. अकरावी माझी. तिच्यासारखीच हवी म्हणून मी येवल्याला दोनदा फोन केला होता. बाई बाजारात येते ती दुसऱ्या बाईच्या अंगावर बघून. इथेही तसंच होणार. होळीनंतर गुजरातला कामाला गेलेले सगळे परत येतील, हातात पैसा असेल, प्रत्येक फळीवर लग्न असेल, आणि प्रत्येकीला सागफळीसारखी मोरपंखी हवी असेल. रिबेकाकडे उरल्या असतील जेमतेम चार-पाच. माझ्याकडे हव्यात ढिगाने.

५ मार्च, बुधवार

चारशे मोरपंखी सांगितल्या. भूपेश फोनवर दोनदा “नक्की ना भाभी” म्हणाला. मी म्हटलं, नक्की.

योगेंद्रांना सांगावंच लागलं, कारण पैसे मिरचीचे. ते ताटावरून उठले. “एकच रंगना चारशे? तुन्हं डोकं ठिकाणवर शे ना?”

मी म्हटलं, “माले समजस मन्हा धंदा.”

“तू साड्या इकी ऱ्हायनी का तिन्हा सूड लई ऱ्हायनी?”

खरं सांगायचं तर, चारशे साड्या दारात लावल्या आहेत आणि समोरून ती बघते आहे, हेच चित्र मला सारखं दिसतंय. विक्रीचं चित्र दिसत नाही असं नाही, पण हे आधी दिसतं.

१२ मार्च, बुधवार

पार्सल आलं. दोन तास लावून मी स्वतः मांडणी केली. दर्शनी कपाट, दोन्ही पुतळे, दोरीवर ओळीने वीस. बाकीचा एक रंग दिसू दिला नाही. रस्त्यावरून नजर पडली की मोरपंखीच. असं दुकान मी सतरा वर्षांत सजवलं नव्हतं.

ती आलीच. रस्ता ओलांडून दारात उभी राहिली, पायरीवर चढली नाही. बराच वेळ बघत होती. मला वाटलं आता तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“भाभी, सगळं एकाच रंगात?”

“का गं, पोटात दुखलं?”

ती हसली नाही. “परत जाईल का माल? भूपेशभाई घेतील परत? आज-उद्याच सांगा त्यांना.”

“माझं मी बघते,” म्हटलं. “तू तुझी पाटी सांभाळ, मधला एक दिवा गेलाय.”

ती काहीतरी बोलणार होती. मग गेली. अशी गोड आणि अशी कारस्थानी. माल परत कर म्हणे, म्हणजे परस्पर तीच उचलणार. मी ओळखत नाही का.

१७ मार्च, सोमवार

होळी झाली. ऊसतोडीला गेलेली, वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं परत आली. सुरतेच्या दवाखान्यांत नर्स म्हणून राहिलेल्या पोरी चष्मे लावून फिरत आहेत. बाजार भरून वाहतोय.

माझ्या दुकानापुढे आज जवळपास प्रत्येक घोळका थांबला. बायका बघतात, एकमेकींना कोपर मारतात, म्हणतात, “सागफळीची साडी, सागफळीची साडी.” तेवढं मराठी स्पष्ट कळलं. फुकटची जाहिरात. सगळ्यांना माहीत आहे, सगळ्या ओळखतात. एक नर्स पोरगी तर फोटो काढून गेली.

घेतल्या नाहीत आज कोणी. लग्नं अजून महिनाभर लांब आहेत, घाई कशाला करतील.

२६ मार्च, बुधवार

दोन गेल्या. एक शाळेतल्या मॅडमनी नेली. दुसरी मी गजराबाईंना पाठवली. त्यांनी निरोप धाडला, हा रंग म्हाताऱ्या माणसाला द्यायचा असतो का.

३ एप्रिल, गुरुवार

बाजाराचा दिवस आणि माझ्याकडे शून्य. समोर दिवसभर वही उघडते, मिटते, उघडते, मिटते. पिशव्या भरभरून बायका बाहेर पडतात. केशरी एक घोळका, जांभळा एक घोळका, शेंदरी एक. मोरपंखी कोणीच नाही. मला तर वाटतं तीच सांगत असेल बायकांना, समोर जाऊ नका. नाहीतर थांबतात, हसतात आणि पुढे जातात, याला दुसरं काय कारण?

आज मी एक गोष्ट केली. लिहू नये असं वाटत होतं, पण इथे नाही तर कुठे लिहू. दोन बायका माझ्या दुकानाच्या सावलीला टेकल्या होत्या. त्यांना मी म्हटलं, “समोरून घेता आहात, बघून घ्या हं. पहिल्या धुण्यात रंग जातो तिचा.” त्या मग उठून गेल्या.

तिचा माल आणि माझा माल एकाच गिरणीचा आहे, भूपेशच आणतो.

१० एप्रिल, गुरुवार

रमीबाई आली. दोन वर्षांनी.

लांबून येताना दिसली तेव्हाच मी उठले. मी गादी झटकली, हसून म्हटलं, “या रमीबाई, वर या.” ती वर आली नाही. नेहमीच्या जागी, पायरीवर बसली, आणि पिशवीतून मोरपंखी साडी काढून माझ्यापुढे टाकली. चुरगळलेली, वापरलेली.

“चार वेळा धुतली,” म्हणाली. “बघ. कुठं गेला रंग?” रमीबाई सगळ्यांनाच ‘तू’ म्हणते, तलाठ्यालासुद्धा.

मी साडीकडे पाहिलं नाही. म्हटलं, “कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल.”

“कोनीतरी नाय. तू सांगितलं.” मग तिने दोरीवरच्या वीस साड्यांकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, पुतळ्यांकडे पाहिलं. तिचा राग उतरला असं मला वाटलं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. “शेठाणी, हे कोन घेनार?”

“तुमच्यासारखी सगळ्यांना हवी असेल ना. सगळ्यांनी बघितली.”

“बघितली म्हनूनच नाय घेनार. ही मोरपंखी आमची हाय, सागफळीची. वरून शूटिंग काढतात, रंगावरून कळतं कोनती फळी नाचली. दुसऱ्या फळीनं हीच नेसली तर लोक काय म्हनतील? नाचायला सागफळीच्या बाया उसन्या आनल्या म्हनतील.”

मी म्हटलं, “मग सागफळी तरी परत घेईल. पुढच्या लग्नाला.”

“एका लग्नाला एक रंग. पुढच्या लग्नाला पुढचा.” ती साडीची घडी घालायला लागली. “आधी दोन फळ्यांचे रंग एक व्हायचे, मांडवात भांडनं लागायची. तुझ्याकडून घेतलेल्या साड्यांवरून पन लागली होती. आता रिबेका वहीत बघून सांगते, हा गेला, हा राहिला. तुला ठाऊक नाय? पंधरा वरीस तू आमालाच साड्या इकल्या.”

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही.

ती उठली. जाताना म्हणाली, “ती सांगायला आली होती. मी हितंच बसले होते तवा.”

११ एप्रिल, शुक्रवार

रमीबाईचं शेवटचं वाक्य काल मी नुसतं लिहून टाकलं. ते तसं सोडता येणार नाही. पहिल्या पानावर ‘मी समज दिली, ती गेली’ असं लिहिलं आहे. तसं झालं नव्हतं.

बाजाराचाच दिवस होता. दुकान भरलेलं. रिबेका दुपारी पिशवी घेऊन माझ्याजवळ आली, चेहरा असा खुललेला, म्हणाली, “भाभी, तुम्हाला एक दाखवायचंय.” आणि मला तिच्या पिशवीतून तुकडे डोकावताना दिसले. मी विचारलंच नाही काय दाखवायचंय. आदल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं मला ओलांडून तिच्याशी बोलायला गेली होती, ‘रिबेका कुठे’ म्हणत होती, ते माझ्या डोक्यात होतं. मी पिशवी ओढून घेतली आणि पायरीवर, सगळ्यांसमोर, उलटी केली. साठ-सत्तर तुकडे उडाले, त्यांच्यामागून एक नवी वही पडली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिच्या आईबापावरही बोलले, तिच्या देवावरही.

ती रडली नाही. खाली बसून तुकडे वेचायला लागली. पायरीवर रमीबाई बसली होती. तिने हातातली साडी ठेवून दिली आणि एकेक तुकडा उचलून रिबेकाच्या ओंजळीत ठेवला. मग दोघी गेल्या.

त्या दिवसापासून सागफळी आली नाही. तारीख मला चांगली माहीत होती. ‘एकाएकी’ काही नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी मोबाईलवाला टेप घेऊन आला. योगेंद्र दाराशी उभे होते. “त्याले फक्त मोजू दे,” म्हणाले. मी दोरीवरच्या साड्या बाजूला धरल्या आणि त्याने भिंत मोजली. भूपेश माल परत घेणार नाही, फोन केला होता. म्हणाला, “भाभी, मी त्या दिवशी सांगत होतो ना.”

दुपारी रिबेका आली. काखेत ती वही. मला वाटलं आता बोलेल, रंग जातो म्हणून सांगितलंत ते. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती बोललीच नाही त्याबद्दल.

“भाभी, मोरपंखी लग्नाला नाही जायची, पण सुटी जाईल,” म्हणाली. “मॅडम लोक, नर्स, अंगणवाडीच्या ताई. त्या फळी बघत नाहीत. वेळ लागेल, दिवाळीपर्यंत जातील. माझ्याकडे एक रॅक रिकामी करते तुमच्यासाठी. आणि...” ती अडखळली. “मला माणूस हवंय. गुजराती-अहिराणी गिऱ्हाइकांशी मला नाही जमत तुमच्यासारखं. तुम्ही बसाल का?”

म्हणजे मी तिच्या दुकानात कामाला. हसावं का रडावं कळेना. मी विचारलं, “आणि ही कशाला आणलीस? माझी उधारी लिहायला?”

तिने रबर काढून वही माझ्यापुढे ठेवली.

उधारी नव्हतीच. पानापानावर बोटाएवढे साडीचे तुकडे, डिंकाने चिकटवलेले. शेजारी फळीचं नाव, लग्न कोणाचं, महिना. एकही आकडा नाही. सागफळी, मोरपंखी. त्याआधी सागफळी, डाळिंबी. त्याआधी सागफळी, हळदी. प्रत्येक फळीचं वेगळं पान, आणि कोणता रंग कोणाच्या मनात आहे ते पेन्सिलने. म्हणून ती साठ-सत्तरच आणते. फळीत बायका तेवढ्याच असतात.

मी मागे उलटत गेले. सुरुवातीची पानं जुनी होती. त्यातला जरीचा राखाडी मी ओळखला, माझ्या दुकानातला. हिरवा चटणी रंग, तोही माझा. डाळिंबी तुकड्यावर मातीचा डाग होता, निघाला नसणार. पहिल्या पानावर वरती तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘शेठाणीच्या दुकानाची वही’.

“हे तू नंतर लिहिलंस,” मी म्हटलं.

“आधीच लिहिलं होतं भाभी. त्या दिवशी तेच दाखवायचं होतं. शाई बघा ना.”

शाई माझ्याच दुकानातल्या पेनची होती, जांभळी. तसली पेनं मी तेव्हा नंदुरबारहून आणायची.

मला खूप वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं लिहायचं तर पहिल्यांदा वाटला तो हेवा. माझ्या दुकानात बसून, माझ्याच साड्यांतून, हे मला का सुचलं नाही? आणि दुसरा हेवा त्याहून वाईट. ही वही माझी होती. समोरची गर्दी माझी होती. मी माझ्याच दुकानावर जळत होते, तीन महिने.

“मला नाही जमणार,” म्हटलं. ती म्हणाली, “बरं,” आणि वही घेऊन गेली. दारात थांबून म्हणाली, “रॅक रिकामी ठेवते.”

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

आज चावी दिली. पुरणपोळी झाली होती, खाल्ली नाही. योगेंद्र मोबाईलवाल्याला म्हणाले, “गादी आम्ही लई जासूत.” गादीची खोळ मी धुऊन वाळत घातली. पायरी तेवढी तशीच राहिली, ती गाळ्याचीच आहे.

चारशेतल्या तीनशे अठ्ठ्याण्णव दुकानावरच्या आमच्या राहत्या खोलीत. खिडकीतून समोरची पाटी दिसते. मधला दिवा तिने बदलून घेतला आहे.

१ मे, गुरुवार

बाजाराचा दिवस. खिडकीत बसून दिवसभर बघितलं. मोजलं नाही. कोरीटला कधी जायचं ते योगेंद्रांनी विचारलं. सांगते म्हटलं.

२ मे, शुक्रवार

दुपारी बारा मोरपंखी साड्या पिशवीत भरल्या आणि जिना उतरले. रस्ता ओलांडताना कोणी बघतंय का ते बघितलं. सगळेच बघत होते, बाजारपेठ आहे.

तिच्या दारात मी चपला काढल्या. हात आपोआप गेला खाली. आतून तिचा आवाज आला, “भाभी, चपला घालूनच या.” मी परत पाय सरकवले. एक अंगठा चुकला, परत घातला. आत येऊनही काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. आरशात मी दिसले, पिशवी पोटाशी धरलेली. उजवीकडची एक रॅक खरंच रिकामी होती, वर्तमानपत्र पसरून ठेवलेली. मला ते सहन होईना. इतकं चांगलं कोणी वागू नये माणसाशी.

दारालगत आतल्या बाजूला एक पायरी आहे. दुकान रस्त्यापेक्षा जरा खोल आहे ना, म्हणून. मी तिच्यावरच टेकले, म्हटलं घटकाभर बसते, मग बोलते.

लाल खुर्चीत रमीबाई बसली होती, मांडीवर वही उघडून. तिने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीतली आपली पिशवी उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवर हात थोपटला.

“पायरीवर नको, शेठाणी,” म्हणाली. “वर बस.”